आरटीएल-एसडीआर डोंगल: मुलुंडच्या गच्चीवर पाच महिने

कॉम्प्युटरला लावायच्या या छोट्या रेडिओला पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच.

मी चौतीस वर्षं टेलिफोनच्या कामात काढली, त्यातली बरीचशी टेस्ट डेस्कवर. कोणाचा फोन बंद पडला की तक्रार आमच्याकडे यायची. आम्ही लाईन तपासायचो आणि लाइनमनला सांगायचो: डिस्क आहे (तार तुटलीय), अर्थ आहे (तार जमिनीला लागलीय), की शेजारच्या जोडीशी कॉन्टॅक्ट झालाय. नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी एकच क्रम शिकवायचे. आधी आपलं यंत्र तपास, मग लाईन तपास, आणि हे दोन्ही ठीक निघालं तरच म्हण की पलीकडे कोणी उचलत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण ही वस्तू मी ज्या कामासाठी घेतली ते काम याच क्रमाने चाललं.

वस्तू दिसायला साधी. पेन ड्राइव्हपेक्षा जरा मोठी ॲल्युमिनियमची डबी, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला अँटेनासाठी एसएमए कनेक्टर. आत रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप. ती मुळात डिजिटल टीव्ही दाखवण्यासाठी बनवलेली होती. २०१२ च्या सुमारास काही खटपट्या लोकांच्या लक्षात आलं की तिच्यातून चित्राऐवजी कच्चा रेडिओ सिग्नलच कॉम्प्युटरमध्ये घेता येतो. पुढचं सगळं काम मग सॉफ्टवेअर करतं. २४ मेगाहर्ट्झपासून साधारण १७०० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही कान लावता येतो आणि एका वेळी सुमारे २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा पडद्यावर दिसतो. आमच्या काळी एवढं करणारं यंत्र टेबलभर असायचं आणि ते मागायला साहेबांची सही लागायची.

फेब्रुवारीत घेतली, लॅमिंग्टन रोडवर. मुलुंडहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. ऑनलाइन थोडी स्वस्त मिळाली असती, पण मला वस्तू हातात घेऊन बघायची होती. दुकानातल्या मुलाने आधीच बजावलं, "काकू, टीव्हीसाठी घेत असाल तर नका घेऊ, आपले चॅनल यावर लागत नाहीत." मी म्हटलं, "मला आकाशातला हायड्रोजन बघायचाय." त्याने हातातलं पाकीट परत ठेवलं आणि खालच्या खणातून दुसरं काढलं. "मग हा घ्या. यात टीसीएक्सओ आहे. डोंगल तापला तरी फ्रिक्वेन्सी फार सरकत नाही." ३,८०० रुपये. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते ऐकून वस्तू बदलून देणारा दुकानदार भेटला, म्हणून या पाच महिन्यांत आणखी दोनदा तिथेच गेले.

पहिले पंधरा दिवस एफएम, मग विमानं. मुंबईला उतरणारी विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा आणि उंची सतत सांगत असतात. खिडकीत वीतभर तार लावूनही ती नकाशावर सरकताना दिसली. नातवंडांना हे फार आवडलं. एवढ्यासाठीच कोणी घेणार असेल तर निश्चिंत घ्यावी. पण मी घेतली होती १४२० साठी.

हा आकडा मला नोकरीत असल्यापासून माहीत होता. हायड्रोजनचा अणू अगदी क्वचित, एका अणूचा विचार केला तर सरासरी एक कोटी वर्षांतून एकदा, आपणहून एक बारीकशी रेडिओ लहर सोडतो. तिची लांबी २१ सेंटिमीटर, फ्रिक्वेन्सी १४२०.४ मेगाहर्ट्झ. आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की एवढ्या दुर्मीळ घटनेचाही अखंड आवाज तयार होतो. १९५९ मध्ये ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्या ताऱ्याजवळ कोणी विचार करणारं असेल आणि त्याला हाक मारायची असेल, तर तो याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास मारेल, कारण विश्वात रेडिओ समजणाऱ्या प्रत्येकाला हा आकडा ठाऊक असणार. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकला २६ मीटरची तबकडी टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत अधूनमधून ऐकलं. एकदा जोरदार सिग्नल आला, तो विमानाचा निघाला. त्याला आता साठावर वर्षं झाली. तेव्हापासून कोणी ना कोणी ऐकतंय आणि पलीकडून काही नाही.

मला या "काही नाही"चं कुतूहल आहे. लोक फार पटकन त्याचे अर्थ लावतात. कोणी म्हणतं आपण एकटेच आहोत, कोणी म्हणतं सगळ्या संस्कृती स्वतःला संपवतात, कोणी म्हणतं ते लपून बसलेत. आमच्या टेस्ट डेस्कवर कोणी रिसीव्हर उचलून दोन सेकंद ऐकलं असतं आणि "पार्टी घरात नाही" असं रजिस्टरला लिहिलं असतं तर मी ते खोडायला लावलं असतं. म्हणून मला स्वतःच्या हाताने बघायचं होतं, की ऐकणं म्हणजे नेमकं काय आणि ते किती अवघड आहे.

नुसत्या डोंगलने हायड्रोजन दिसत नाही. त्याच्या पुढे एलएनए लागतो, म्हणजे सिग्नल वाढवणारी छोटी पाटी, आणि ती १४२० चा फिल्टर असलेलीच हवी. ही ४,६०० रुपयांना पडली, डोंगलपेक्षा महाग. मग अँटेना. मी कर्णा बनवला. पाच लिटर तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा, एक तोंड कापलेलं, आत सव्वापाच सेंटिमीटरची तांब्याची तार, आणि त्या तोंडाला थर्माकोलच्या चार पाट्या नरसाळ्यासारख्या जोडून आतून ॲल्युमिनियम फॉइल. पुढचं तोंड ७५ बाय ६० सेंटिमीटर. तारेची जोडणी मी स्वतः केली. सोल्डरिंगचा हात अजून शाबूत आहे याचा आनंद वेगळाच होता. नरसाळ्याच्या आकाराची अशी अँटेना जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात १८९७ च्या सुमारासच वापरली होती. आणि हायड्रोजनची ही लहर पहिल्यांदा पकडली गेली तीसुद्धा अशाच कर्ण्यातून. मार्च १९५१, हार्वर्ड, हॅरल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल हे दोन शास्त्रज्ञ. त्यांनी प्लायवूडचा कर्णा प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवला होता. पाऊस आला की त्यातून पाणी आत यायचं आणि विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे मारायचे. माझा कर्णा पाण्याच्या टाकीला टेकवून तोंड आकाशाकडे करून ठेवला, तेव्हा सेक्रेटरी येऊन विचारून गेले की हा सोलर कुकर आहे का. त्यांना समजावलं. त्यांनी परवानगी दिली, फक्त डिश अँटेनावाल्यांच्या वायरींना हात लावू नका म्हणाले.

मार्चमध्ये संध्याकाळी सात-साडेसातला मुंबईच्या डोक्यावर मृग आणि मिथुन यांच्याकडची आकाशगंगा असते. म्हणजे त्या वेळी हायड्रोजन दिसायला हवा. दिसलं काय? पडद्यावर नुसतं गवत, म्हणजे खरखर, आणि त्या गवतात काट्यासारख्या उभ्या रेषा. दहा-बारा. एक तर अगदी १४२० च्या शेजारी, सुईसारखी बारीक, हळूहळू डावीकडे सरकणारी.

मी खरं सांगते, माझे हात थंड पडले. कारण मला वाचून माहीत होतं की निसर्गातली कुठलीही रेडिओ रेषा काही शे हर्ट्झ तरी रुंद असते. सुईसारखी बारीक रेषा बनवायला कोणीतरी बनवणारा लागतो. एलियन शोधणारे नेमकी असलीच रेषा शोधत असतात. आणि ग्रहावरून येणारा सिग्नल, ग्रह फिरत असल्यामुळे, असाच हळू सरकतो.

पाच मिनिटं मी तशीच बसून राहिले. मग उठले आणि आपलं यंत्र तपासायला घेतलं.

पहिली गोष्ट, कर्णा फिरवला. आकाशाकडून भिंतीकडे. रेषा तिथेच, तेवढीच. म्हणजे ती आकाशातून येत नव्हती. मोठ्या दुर्बिणींवरही पहिली परीक्षा हीच असते: काही मिनिटं ताऱ्याकडे, काही मिनिटं बाजूला, पुन्हा ताऱ्याकडे. दोन्हीकडे दिसलं तर ते आपलंच. मग मी घरातला एकेक स्विच बंद करत गेले. एलईडी बल्ब बंद केल्यावर गवताची उंची कमी झाली. वायफाय बंद केल्यावर दोन रेषा गेल्या. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आणखी तीन. सुई मात्र हटेना. तिचा उगम सापडायला नऊ दिवस लागले. गच्चीच्या दाराआड सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डर, आहे. त्यातला क्रिस्टल तापतो तशी रेषा सरकते. वॉचमनला विनंती करून दोन मिनिटं प्लग काढला, रेषा गेली. लावला, आली. काम संपल्यावर आमच्याकडे डॉकेट (तक्रारीचा कागद) बंद करायचे तसं मी वहीत लिहिलं: दोष आपल्या बाजूला.

या नऊ दिवसांत मला जे कळलं ते पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर कित्येक वर्षं विचित्र झटके नोंदले जात होते. २०१५ मध्ये उलगडा झाला की ते तिथल्याच मायक्रोवेव्ह ओव्हनचे होते, कोणी वेळ संपायच्या आधी दार उघडलं की यायचे. याच दुर्बिणीला २०१९ मध्ये प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याकडे बघताना ९८२ मेगाहर्ट्झवर एक बारीक, सरकती रेषा मिळाली. ताऱ्याकडे बघितलं की दिसे, बाजूला केलं की नाहीशी. म्हणजे मी केली ती कर्णा फिरवायची परीक्षा ती पास झाली होती. माणसांनी ती सोलून काढली, २०२१ मध्ये उत्तर आलं, आणि तशाच चणीच्या रेषा दुसऱ्या फ्रिक्वेन्सींवरही सापडल्या. जवळपासच्याच कुठल्या तरी यंत्रांच्या घड्याळांची ती सरमिसळ होती. तिथे वाळवंटासारखी शांतता, जगातली मोठी दुर्बीण आणि तयारीची माणसं, तरी उत्तर यायला दोन वर्षं. मी मुलुंडला, समोरच्या इमारतीवर तीन मोबाइल टॉवर.

हे लिहितेय ते डोंगलच्या खात्यात जमा धरायला. चार हजारांची ही डबी हे सगळं दाखवण्याइतकी प्रामाणिक आहे. खोटं गोड करत नाही.

हायड्रोजन शेवटी १७ मेला सापडला. एव्हाना मी पहाटेवर आले होते. मेच्या मध्यात पावणेपाचच्या सुमारास आकाशगंगेची दुसरी बाजू, श्रवणाच्या तारकेच्या जरा उत्तरेचा भाग, मुंबईच्या माथ्यावर येतो. त्या वेळी बिल्डिंगमधले बहुतेक दिवे बंद, लिफ्ट उभी. डोंगल आणि एलएनए मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केले होते, यूएसबी वायरला दोन्हीकडे खरखर अडवणारे फेराइटचे मणी, डीव्हीआरच्या वायरलाही मणी. सॉफ्टवेअरला पाच मिनिटांची सरासरी घ्यायला सांगितली. गवत हळूहळू बसत गेलं, जमीन सपाट झाली, आणि १४२०.४ च्या दोन्ही बाजूंना पसरलेली एक टेकडी वर आली. कर्णा भिंतीकडे वळवला, टेकडी गेली. आकाशाकडे केला, पाच मिनिटांत परत आली. साडेसहापर्यंत ती सरकत सरकत उतरली, कारण पृथ्वी फिरत होती आणि आकाशगंगा माझ्या कर्ण्यासमोरून पुढे निघून गेली होती.

टेकडी पसरलेली होती, कारण त्यातला काही वायू आपल्याकडे येतोय आणि काही दूर जातोय. दहा किलोमीटर सेकंदाला म्हणजे जवळपास ४७ किलोहर्ट्झ सरकणं. मी वहीत पट्टी लावून वेग मोजले. आकाशगंगा फिरते हे शाळेत वाचलं होतं, ते त्या दिवशी तेलाच्या डब्यातून मोजलं. खाली दूधवाला आला होता. मी यजमानांना उठवून गच्चीवर आणलं, चहा नंतर झाला.

त्याच दिवशी आठ वाजता सोसायटीत टँकर आला. आमच्याकडे मे महिन्यात एक दिवसाआड येतो, दहा हजार लिटरचा. पाइप लावताना बघत होते आणि एक आकडा आठवला. २०१८ मध्ये जेसन राइट, शुभम कनोडिया आणि एमिली लुबर या खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की एलियनचा रेडिओ सिग्नल सापडायचा तर किती दिशा, किती फ्रिक्वेन्सी, किती अंतरं, किती ताकद, किती वेळ असं सगळं धरून एकूण शोधायचं किती आहे आणि आजवर शोधलंय किती. त्यांचं उत्तर असं होतं: सगळा शोध म्हणजे पृथ्वीवरचे सगळे समुद्र धरले, तर आजवर आपण त्यातलं ७,७०० लिटर पाणी तपासलंय. आमचा टँकर त्याहून मोठा आहे. त्यात मासा सापडला नाही म्हणून अरबी समुद्रात मासे नाहीत असं ससून डॉकवर जाऊन कोणी म्हणेल का?

आणि त्या ७,७०० लिटरमध्येही एकदा काहीतरी हललं. १५ ऑगस्ट १९७७, ओहायोमधली बिग इअर दुर्बीण. तिची दिशा माझ्या कर्ण्यासारखीच स्थिर, आकाश आपणहून समोरून सरकायचं. हायड्रोजनच्या फ्रिक्वेन्सीजवळ ७२ सेकंद जोरदार बारीक सिग्नल आला, नेमका जितका वेळ आकाशातला एखादा बिंदू त्या दुर्बिणीसमोरून जायला लागतो तितकाच. जेरी एहमन यांनी छापील कागदावर त्याभोवती गोल करून "वॉव!" लिहिलं. पुन्हा पुन्हा त्याच जागी ऐकूनही तो परत आला नाही. तक्रार एकदाच आली, दोष परत दिसला नाही. अशा डॉकेटवर आम्ही काहीही निष्कर्ष लिहीत नसू, पण ते फाडतही नसू.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. शेजारच्या वहिनींपासून नातवापर्यंत सगळ्यांनी विचारला: यावर एलियन ऐकू येतील का? मी हिशेब केला. पोर्तो रिकोतलं अरेसिबोचं रडार, जे २०२० मध्ये दुर्बिणीसकट कोसळलं, हा माणसाने आकाशात सोडलेला जवळपास सगळ्यात ताकदवान झोत होता. तसाच झोत कोणी नेमका माझ्या कर्ण्यावर रोखला, बाकी सगळं आदर्श धरलं आणि मी दहा मिनिटं ऐकलं, तर तो मला दोन-अडीच प्रकाशवर्षांच्या आतूनच कळेल. सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे. तेव्हा उत्तर नाही असं आहे. या किमतीत कोणी हो म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

पण हा हिशेब उलटाही लावून बघा. वरळीच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. टीव्हीच्या त्या लहरी वातावरण ओलांडून बाहेर जातात. त्या आता पन्नासहून अधिक प्रकाशवर्षं पुढे गेल्यात. स्वातीचा तारा ३७ वर, म्हणजे तिथून कधीच पुढे निघून गेल्या. रोहिणी ६५ वर, तिथे अजून पोचायच्या आहेत. पण पोचल्या तरी इतक्या विरळ, की आपल्याकडच्या यंत्रांसारखी यंत्रं तिथे असली तर त्यांना बहुधा पत्ताही लागणार नाही. आणि मुंबईने तसा मोठ्याने आवाज केला किती वर्षं? आता घरोघरी केबल आहे, फायबर आहे, सगळं बारीक आवाजात आणि जमिनीखालून. मी स्वतः ते तांबं काढून फायबर टाकताना बघितलंय. पृथ्वीवर जीव साडेतीन अब्ज वर्षांहून जास्त काळ आहे, रेडिओ सव्वाशे-एक वर्षं. दोन संस्कृतींचे मोठ्याने बोलायचे काळ एकमेकांवर पडायला हवेत आणि मधलं अंतरही जुळायला हवं. दोघांनी एकाच वेळी रिसीव्हर उचलण्यासारखं आहे ते.

एक युक्तिवाद मात्र मला सोडवता आलेला नाही. १९५० मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला जेवताना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी विचारलं होतं, सगळे आहेत कुठे? त्यांचा रोख ऐकण्यावर नव्हता, येण्यावर होता. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद. अगदी संथ यानांनीही कोणी तारा ते तारा पसरत गेलं तर काही कोटी वर्षांत सगळीकडे पोचेल, आणि आकाशगंगेचं वय दहा अब्ज वर्षांहून जास्त. मग एक तरी यायला हवं होतं. १९७५ मध्ये मायकेल हार्ट यांनी यावरूनच म्हटलं की कोणीच नाही. माझा कर्णा याचं उत्तर देऊ शकत नाही. मला एवढंच वाटतं, की ज्याला जाणं शक्य आहे तो जाईलच असं धरण्यात माणसाचा स्वभाव बोलतो. चौतीस वर्षं लोकांचे फोन जोडताना मी बघितलं, कितीतरी लोकांना बोलायचंच नसतं. पण हा पुरावा नव्हे, माझं मत आहे, आणि रात्री गच्चीवर बसलं की हार्ट यांचं म्हणणं खुपतं.

आता वस्तूचे दोष. डोंगल तापतो. मेमध्ये गच्चीवर तासाभरात हात लावायची सोय नाही, आणि बिस्किटाच्या डब्यात बंद केल्यावर तर विचारूच नका. टीसीएक्सओ असूनही सुरुवातीची वीस मिनिटं आकडा थोडा सरकतो. चालू करून अर्धा तास तसाच ठेवा, मग मोजा. दुसरं, आत आठ बिटचंच मोजमाप आहे, म्हणजे मोजपट्टीच्या पायऱ्या मोजक्याच. जवळ मोबाइल टॉवर असेल तर तो जोरदार सिग्नल आत घुसून सगळं गढूळ करतो. म्हणूनच फिल्टरवाला एलएनए हवा म्हटलं. पहिल्यांदा मी पैसे वाचवायला बिनफिल्टरचा ९०० रुपयांचा आणला होता, तो तसाच कपाटात आहे. तिसरं, सोबत आलेली यूएसबी वायर टाकून द्या. पातळ आहे आणि स्वतःच आवाज करते. हा तापण्याचा आणि वायरचा मिळून एक तारा कापला.

जमेची बाजू, जी मुंबईकरांनी लक्षात घ्यावी: २१ सेंटिमीटरच्या लहरीला ढग आडवे येत नाहीत. आपल्याकडे जूनपासून चार महिने तारे दिसत नाहीत. दुर्बिणी कपाटात जातात आणि आकाश बघणारे लोक ऑक्टोबरची वाट बघत बसतात. जुलैत मुसळधार पावसात, रात्री एकच्या सुमारास, कर्ण्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून मी तीच टेकडी पुन्हा बघितली. उंची जवळपास तेवढीच. फॉइल मात्र दोन ठिकाणी सुटली, थर्माकोल फुगला. पुढचा कर्णा पत्र्याचा करणार आहे. भांडुपच्या एका पत्रेवाल्याशी बोलणं झालंय.

आणि एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. या कामासाठी दूर कुठे बघायला नको. गोविंद स्वरूप यांनी टीआयएफआर या मुंबईतल्या टाटा संशोधन संस्थेमधून १९६५ मध्ये पहिली मोठी रेडिओ दुर्बीण उभी केली ती कल्याणला, सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्यांची, सूर्य ऐकायला. माझ्या घरापासून लोकलने पाऊण तास. पुढे त्यांनीच नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास ४५ मीटरच्या तीस तबकड्या उभ्या केल्या, आणि त्या याच १४२० लाही ऐकतात. मी तिथे एकदा रस्त्यावरून त्या बघितल्यात. उसाच्या शेतांमागे, तोंडं आकाशाकडे करून उभ्या. तेव्हा नुसत्या बघितल्या होत्या. आता गेले तर त्यांना काय ऐकू येत असेल ते थोडं कळेल.

घ्यायची असेल तर क्रम असा ठेवा: आधी फिल्टरवाला एलएनए मिळतोय का बघा, मग डोंगल, मग चांगली जाड यूएसबी वायर आणि फेराइटचे मणी अर्धा डझन. सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आत बसतं. कर्ण्याला आणखी चारशे. लॅमिंग्टन रोड रविवारी बंद असतो, शनिवारी संध्याकाळी गर्दी फार. मधल्या वारी सकाळी अकराला जा, दुकानवाल्यांना बोलायला वेळ असतो. आणि घरी आल्यावर पहिल्या रात्री बारीक, सरकणारी रेषा दिसली, तर आधी सोसायटीचा डीव्हीआर कुठे ठेवलाय ते बघून या.